थंड पाण्याची लाल नळी

इब्री (ओमान), १८ जुलै

वडीलबंधू खलफान यांना हमूदचा सलाम. तुमचे गुडघे, वहिनींची छाती आणि बागेतली डाळिंबं, सगळं धडधाकट असो. इकडची खबर विचाराल तर खबर काही नाही, सगळं कुशल. (हे रीतीप्रमाणे. खबर पुढे आहे.)

भाऊ, तलावाचं पाणी थंड झालं.

गेल्या जुलैत तुम्ही आमच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावात एक पाय घातलात, बाहेर काढलात आणि म्हणालात, "हमूद, यात माणसं नकोत, तांदूळ सोड." मी म्हणालो, "आवडत नसेल तर जा तुमच्या डोंगरावर." तुम्ही गेलात. कॉफीसुद्धा झाली नव्हती. तेव्हापासून तुम्ही खाली उतरला नाहीत. तुमची भावजय झुवैना म्हणते, रागाने. मी म्हणतो, उकाड्याने. उकाड्याला उपाय असतो, म्हणून मी चिलर आणला.

चिलर म्हणजे (वहिनींना समजावून सांगा) मोठ्या पेटीएवढं यंत्र. पंप तलावातलं पाणी फिल्टरमधून त्यात ढकलतो. यंत्र पाण्यातली उष्णता काढून अंगणात फेकतं आणि गार पाणी तलावात परत सोडतं. नळ्या दोनच, एक आत जाणारी, एक बाहेर येणारी. मी तीस वर्षं मुलांना नद्यांचे उगम आणि मुखं शिकवली. दोन नळ्यांसाठी प्लंबर कशाला?

गुरुवारी मी नळ्यांवर खुणा केल्या. गार पाण्याच्या नळीला लाल पट्टी, गरम पाण्याच्या नळीला निळी. हसू नका. तुमच्या डोंगरावर हे लागत नाही, पण इथे मेपासून गच्चीवरची टाकी उकळते. निळ्या तोटीखाली हात भाजतो. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो. त्यात भरलेलं पाणी घरातल्या घरात निवतं आणि लाल तोटीतून गार येतं. आमच्याकडे लाल म्हणजे गार, हे धाकट्या नातीलाही कळतं. शनिवारी मी कंपनीचा नकाशा पुढे ठेवून जोडणी केली. नकाशा कुठल्यातरी थंड देशात काढलेला. त्यात लाल म्हणजे गरम. पट्ट्या घरच्या रीतीने, जोडणी नकाशाच्या. सांधे मात्र असे बसले की घणानेही निघाले नसते.

यंत्राने एक शिटी दिली आणि ते थांबलं. तीन दिवस हेच. मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो. (झुवैना म्हणाली, "कोणाच्या मयताला बसलात?") चौथ्या दिवशी तिने मोतालेबला बोलावलं. हा बांगलादेशी प्लंबर वीस वर्षं इब्रीतले नळ दुरुस्त करतो आणि कोणाची भीड ठेवत नाही. त्याने पट्ट्या पाहिल्या, नकाशा पाहिला.

"मास्तर, पाणी उलटं घुसतंय. गार नळीला लाल पट्टी कोणत्या शहाण्याने लावली?"

"तुझ्या खोलीत जुलैत गार पाणी कोणत्या तोटीतून येतं?"

"लाल," तो म्हणाला आणि त्याने करवत काढली.

आम्ही दोघांनी सांधे कापले, वळणांवर नवे एल्बो बसवले, चिकटवायचं सोल्यूशन लावलं. (कापलं त्याने. सोल्यूशन मी लावलं, हे लक्षात असू द्या.) जोडणीत आता नऊ एल्बो आहेत, नकाशात चार होते. संध्याकाळी बटण दाबलं. शिटी नाही. दोन दिवसांत पाणी अडतीस अंशांवरून सत्तावीसवर आलं. शेजारी बघून जातात. मी त्यांना नऊही एल्बो दाखवतो.

आपला,
हमूद

ता. क. हमीच्या कागदावर, जोडणी जाणकाराने तपासली, अशी सही लागते. तुम्ही चाळीस वर्षं गावच्या फलजच्या पाटातलं पाणी बागांना पाळीपाळीने वाटत आला आहात. पाण्यातला तुमच्याइतका जाणकार कोण? सही पोस्टाने चालणार नाही, जोडणी पाहूनच करावी लागेल. सोमवारी या. वहिनींनाही आणा.

आणखी एक. झुवैना आत्ता सांगते, त्या कागदावर मोतालेबने परवाच सही केली आणि तो कंपनीला पोचलाही. म्हणजे सहीसाठी यायचं कारण उरलं नाही.

तरी या.