देण्याघेण्यातल्या साड्या

२३ ऑक्टोबर, गुरुवार

साडी आली नाही!

संध्याकाळी साडेसातपर्यंत दार उघडं ठेवलं होतं. भाऊसिंग — माझ्या माहेराहून, किन्हीराजाहून, वाशीमला रोज काळीपिवळी जीप आणतो तो — गेली सात वर्षं दर भाऊबीजेला माहेरची पिशवी घेऊन दारात उभा राहायचा. "ताई, भावानं पाठोली," एवढंच म्हणायचा आणि चहासुद्धा न घेता निघून जायचा. यंदा फिरकलाच नाही.

मला साडी हवी होती का? मुळीच नाही. पण न आलेली जास्त झोंबली. वर्षातून एक साडी, तीही आता माझ्या भावाला, भागवतला, जड झाली. जेवायला बसले आणि ताट अर्धंच सोडून उठले. मग स्वतःचाच राग आला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीच्या सुट्टीतच घर बदलायचं ठरलंय. मालकाला त्याच्या मुलासाठी हे घर हवंय. आम्हाला दोन खोल्यांचा ब्लॉक मिळालाय, पहिल्या मजल्यावर. उत्कर्ष पुण्याहून फोनवर शिकवतो, "आई, वर्षभर हात लागला नाही ती वस्तू काढून टाक." असं असेल तर निम्मं घर जाईल. मीही गेले असते बहुतेक.

आज भिंतीवरची घड्याळं उतरवली. सहा! प्रत्येक शाळेतून बदली झाली की निरोप समारंभ, आणि निरोप समारंभ म्हटला की घड्याळ. 'मॅडमना सप्रेम भेट.' दोनच चालू आहेत, आणि त्यांतही दहा मिनिटांचा फरक. काचेच्या ग्लासांचे चार सेट, एकही न उघडलेला. उत्कर्षच्या बारशाचे चांदीचा मुलामा दिलेले वाळे, काळे पडलेले. त्याचं पहिलं स्वेटर मात्र बाजूला ठेवलं. ते जाणार नाही, कोणी काही म्हणो.

पत्र्याची पेटी उघडायची बाकी आहे. आज नको.

२६ ऑक्टोबर, रविवार

उघडली.

बावीस साड्या. २००३ पासून २०२४ पर्यंत, दिवाळीला एक. एकीलाही फॉल लावलेला नाही. एकही नेसले नाही, कोणाला दिलीही नाही. का ठेवल्या? पुरावा म्हणून. माझ्या भावाने मला कशावर बोळवलं, त्याचा पुरावा.

सगळ्या देण्याघेण्यातल्या. दुकानात त्यांचं कपाटच वेगळं असतं — आपल्याला नेसायच्या नाहीत, लोकांच्या तोंडावर मारायच्या असतात अशा. आणि रंग तर बघवत नाहीत! हिरवीवर लाल फुलं, जांभळीवर पिवळी फुलं. पंच्याहत्तरीच्या बाईने निवडल्यासारख्या. वहिनीला स्वतःसाठी घेताना बरी नजर असते.

बाबा गेले त्या वर्षीची गोष्ट. तिसरा महिना लागला नाही तोच भागवत बाबांच्या शेताच्या हक्कसोडीचे कागद घेऊन आला. मी म्हटलं, थोडा विचार करू दे. तर आईच पुढे झाली. रजिस्ट्रार ऑफिसच्या पायऱ्यांवर माझा हात धरून म्हणाली, "सही करून दे बाई. वावर कुठी जाते? पण सही नाही केली तं माहेर तुटीन तुहं." केली सही. त्याच दिवाळीला पहिली साडी. आईने मला आतल्या खोलीत बोलावून हातात दिली. भागवत बाहेर बाजेवर बसून होता. स्वतःच्या हाताने द्यायलाही उठला नाही!

माहेर राहिलं म्हणायचं. पत्र्याच्या पेटीत, घड्या घालून.

२७ ऑक्टोबर, सोमवार

हे म्हणाले, "कायले डोकं तापवून राह्यली त्या साड्यांवरून? असू दे पेटी. ब्लॉकात पलंगाखाली ढकलू."

पलंगाखाली! म्हणजे उरलेलं आयुष्य मी त्यांच्यावर झोपू?

२९ ऑक्टोबर, बुधवार

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रुख्मिणीला बोलावलं. म्हटलं, आवडतील तेवढ्या घे. तिने एकेक घडी उलटून पाहिली, मग हळूच विचारलं, "मॅडम, इतक्या कोऱ्या साड्या... कोणाच्या मयतीवरच्या तं नाहीत ना?"

मी हसले. माहेरच्या आहेत म्हटलं. तर ती हातातली साडी खाली ठेवून म्हणाली, "माहेरच्या कशा देता वो? असं नसते देत." आणि एकही न घेता गेली. मला शिकवते!

हिला कोण सांगणार की सात वर्षं झाली, मी त्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला नाही. तेव्हा भाच्याच्या लग्नात आत्याचा मान माझा होता. वहिनीने तो स्वतःच्या बहिणीला दिला, आणि भागवत मांडवात उभा राहून फेटा सावरत राहिला. आई तिथेच होती. तीही गप्प. आईचा राग भागवतपेक्षा जास्त आहे मला, आज लिहूनच टाकते. तिनेच सही करायला लावली, आणि माझी बाजू घ्यायची वेळ आली तेव्हा तिला पदर तोंडाला लावण्यापलीकडे काही जमलं नाही. यंदा आखाजीच्या सणाला भागवतच्या फोनवरून बोलली होती, तेही दोन मिनिटं. नंतर मी केला नाही. तिकडूनही आला नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

दिल्या!

सकाळी गल्लीत भांडेवालीची हाक आली. चंदाबाई नाव तिचं. डोक्यावरची टोपली ओट्यावर टेकवून बसली. जुने कपडे घ्यायचे आणि स्टीलची भांडी द्यायची, हा तिचा धंदा. मी पेटीच ओढत बाहेर आणली. तिने वरची साडी उचलली, चिमटीत धरली, उन्हात पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे तं नव्याच हायेत सगळ्या."

"हो."

"नेसल्या काहून नाहीत?"

"तुला काय करायचंय? घेते का नाही?"

"घेतो ना. पण भांडं जास्त नाही भेटन. देण्याघेण्यातलं कापड हाय, जरीचं नाही."

म्हणजे तिलाही एका नजरेत कळलं! तासभर घासाघीस केली. मला कशाची हौस होती? पण हटून बसले. शेवटी बावीस साड्यांवर धान्याचा एक मोठा डबा, झाकणाला कडी असलेला, आणि एक कढई. कढई पातळ आहे. चालेल.

तिने साड्यांचं गाठोडं बांधलं. गाठ मारताना हिरवीचा पदर बाहेर लोंबला, तो तिने बोटाने आत कोंबला. टोपली उचलायला मीच हात लावला. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत ओट्यावर उभी होते. वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. पेटी रद्दीवाल्याला दिली.

२ नोव्हेंबर, रविवार

नव्या घरात सामान लागलं. डब्यात दहा किलो गहू मावले. छान दिसतो ओट्याखाली.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज जे केलं ते लिहून ठेवते, उद्या पश्चात्ताप झाला तर वाचायला. होणार नाही म्हणा!

डब्याचा फोटो काढला आणि भागवतला पाठवला. खाली लिहिलं — 'तुझ्या बावीसच्या बावीस साड्या भांडेवालीला दिल्या. त्यावर हा डबा मिळाला. तुमच्या साड्यांची किंमत एवढीच. यंदा पाठवली नाहीस ते बरंच केलंस, पुढेही पाठवू नकोस. माझं माहेर संपलं.'

बावीस वर्षं साठलेलं बाहेर पडलं. यांना दाखवलं तर म्हणाले, "बुढी माय हाय ना अजून तिकडं. थोडं दमानं घ्यायचं होतं." मी म्हटलं, बुढी आहे तर बुढीनेही ऐकावं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

भागवतचं उत्तर आलं. दोन शब्द.

'कोणत्या साड्या?'

काय निर्लज्ज माणूस आहे! बहिणीच्या अंगावर बावीस वर्षं चिंध्या फेकल्या आणि आता आठवतही नाहीत. मोजायच्याही लायकीच्या नव्हत्या त्याच्या लेखी. मी उत्तर दिलं नाही. नंबरच काढून टाकला.

आज वर्गात सुट्टीचा अभ्यास तपासताना एका पोरीवर उगाच खेकसले.

५ नोव्हेंबर, बुधवार

कढईचं बूड पहिल्याच फोडणीला जळालं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेतून येताना स्टँडजवळ भाऊसिंग दिसला. मला पाहून गाडीमागे सरकला. मीच गाठलं. म्हटलं, यंदा माझ्या भावाने हात आखडता घेतला वाटतं?

त्याने खांद्यावरच्या रुमालाने गाडीची काच पुसली. मग म्हणाला, "ताई, भावानं कधी देल्ली? साड्या तं दरसाली बुढीच इकत घे. लोकायच्या वावरात मजुरीनं निंदाले-खुरपाले जाये, त्या पैशात घे. मले म्हणे, भावानं पाठोली असंच सांगजो, पोरीले माहेर हाय वाटलं पायजे. औंदा भादव्यात बांधावर पडली, हात मोडला. मंग कुठून घेईन? तुमाले काय सांगू म्हणून मी आलोच नाही."

पुढचंही त्यानेच सांगितलं: भागवतने माझा मेसेज घरात मोठ्याने वाचला. आईसमोर. भाऊसिंग तेव्हा तिथेच बसलेला होता.

आई काय म्हणाली, मी विचारलं.

"हात गळ्यात बांधेल होता, दुसऱ्या हातानं पदर सावरला. मंग म्हणे, भांडं तरी चांगलं भेटलं का तिले?"