दारावरचा कॅमेरा आणि मोठ्या डोक्याचा चोर

३० सप्टेंबर २०१७, शनिवार, दसरा

कॅमेरा आला. दाराबाहेर, चौकटीच्या वर बसवला. पॅसेज फोनमध्ये दिसतो. आता चोराची काय हिंमत नाय.

मी घाबरत नाय, हे पहिलं लिहून ठेवते. प्रितेश पोर्टवर नाइटला जातो. (नवऱ्याचं नाव वहीत लिहिलं तर चालतं, वाचतंय कोण.) मागं तिसऱ्या माळ्यावर मी नि नऊ महिन्यांची रिया. आणि पहाटे दाराबाहेर खुडबुड होते, हँडल हलतं. त्याला घाबरणं नाय म्हणत, काळजी म्हणतात.

प्रितेश म्हणाला, हँडल वाऱ्यानं हलतं. मी म्हटलं, वाऱ्याला हात फुटले काय? मग त्यानं अट घातली. दिवाळीपर्यंत चोराचं तोंड दिसलं तर करंजाड्यातच राहू. नाय दिसलं तर सामान बांधायचं नि गव्हाणला आईकडं. रोज रात्री तुझे फोन घेत क्रेनखाली उभा राहू काय, म्हणतो.

गव्हाणला मी जाणार नाय. तिथं अकरा माणसं नि सासूबाईंचा डोळा प्रत्येक टोपात. मीठ टाकलं तर विचारतात का टाकलं, नाय टाकलं तर का नाय टाकलं. या दोन खोल्यांसाठी दोन वर्षं तोंड दाबून राहिले.

नवीन वस्तू, म्हणून कॅमेऱ्याची पूजा केली. तेलात कालवून हळदकुंकू लावलं, बरोब्बर कपाळावर. त्याचं कपाळ म्हणजे ती मधली गोल काच. वरून लिंबू-मिरची बांधली. कॅमेऱ्यालाच नजर लागली तर आमच्यावर नजर कोण ठेवणार?

१ ऑक्टोबर, रविवार

रात्रभर जागी. उशाशी लाटणं. डोळ्याला डोळा नाय. सकाळी साडेसातला जाग आली तेव्हा रिया माझ्या पोटावर बसून लाटणं चावत होती.

फोनमध्ये पहाटे चार बाराची क्लिप! पुढं पांढरा गोळा लटकतोय, बाजूला सगळं धुकं. धुक्यात एक सावली. डोकं फार मोठं. हेल्मेट असणार. तयारीचा चोर हाय.

प्रितेशला दाखवली. म्हणाला, छान, महाबळेश्वर कधी गेलीस?

२ ऑक्टोबर, सोमवार

सेटिंग मी स्वतः करणार. सातवी पास हाय, इंग्रजी अक्षरं लागतात. ब्राइटनेस पन्नास होता, शंभर केला. अंधार हाय तर उजेड वाढवायचा, त्याला इंजिनिअर कशाला? खाली आणखी चार रेघा होत्या, त्या पण शंभर. अर्धवट काम मला आवडत नाय.

आज पहाटे चोर आला नाय. घाबरला.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आला. चार नऊला. पण सगळा पॅसेज चुना मारल्यासारखा पांढरा. चोर म्हणजे सांडलेला पावडरचा डबा. डबा दोन मिनिटं दाराला चिकटला, मग खाली बसला. बसून चोरी! घरचंच कार्य असल्यासारखा.

वॉचमन विठूला झापलं. रात्री कोण येतं वर? तो म्हणाला, कोणी नाही ताई, घरचीच माणसं. म्हटलं, कोणाच्या घरची? तर पाण्याचा पंप बंद करायचाय म्हणून पळाला. अंगाला तळलेल्या बोंबलाचा वास. ड्युटीवर बोंबील खातो, चोर कुठून दिसणार.

दुपारी सासूबाईंचा मार्केटमधून फोन. मासळी विकतात पनवेलला. एकीकडं गिऱ्हाइकाला ओरडत होत्या, एकीकडं मला. काय गो, घाबरतेस ना एकटी? ये गव्हाणला. म्हटलं, आई, मी कुणाला घाबरत नाय, रात्रभर जागते. तर म्हणाल्या, हो गो बाय, जागतेस तर.

बोलण्यात खोच होती. त्यांच्या बोलण्यात असतेच. कोलंबीच्या डोक्यात असते तशी.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

काल आला नाय. बुधवारी नि आज आलाय, पांढराच. सोमवारी नाय, गुरुवारी नाय. माझ्या ध्यानात आलंय, वार पाळणारा चोर हाय. उपास मोडत नाय, कुलपं मोडतो.

असा विचार पोलिसांना तरी सुचला असता काय?

आजपासून ठरवलं: रोज रात्री बारा, दोन नि चारला उठून लाइव्ह बघायचं. गजर लावला.

७ ऑक्टोबर, शनिवार

गजर वाजलाच नाय. शेजारच्या मिताली ताई म्हणतात, वाजला, तिन्ही वेळा, भिंतीपलीकडून आम्हीच उठलो. फोन जुना झालाय.

८ ऑक्टोबर, रविवार

मिताली ताई मूळच्या पुण्याच्या, नवरा कॉम्प्युटरमध्ये. म्हणून त्यांना सगळं येतं, निदान बोलतात तरी तसं. स्टुलावर चढल्या. म्हणाल्या, कीर्ती, अगं लेन्ससमोर लिंबू का लटकतंय? रात्री कॅमेरा स्वतःचा उजेड टाकतो, आपल्याला दिसत नाही तो. सगळा त्या लिंबावर पडतो. तुझ्याकडे लिंबाचे आठ दिवसांचे फोटो आहेत.

म्हटलं, ताई, ते नजरेसाठी हाय. म्हणाल्या, नजरेसाठीच काढतेय.

लिंबू वीतभर बाजूला बांधलं. मी तेच करणार होते, फक्त अमावस्येची वाट बघत होते.

१० ऑक्टोबर, मंगळवार

गोळा गेला, धुकं तसंच. मोठं डोकं आलं, बसलं, उठलं, गेलं. प्रितेश म्हणाला, दिवाळीला आठ दिवस राहिले, खोके आणू काय? त्याच्या आवाजात आनंद होता. गव्हाणला त्याला आयतं ताट मिळतं.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून. घाबरून नाय, रागानं. हे घर गेलं तर परत मिळायचं नाय, एवढं मला कळतं.

११ ऑक्टोबर, बुधवार

मिताली ताईंना परत बोलावलं. त्यांनी काचेवर बोट फिरवलं. बोट लाल. हे काय फासलंयस? म्हटलं, कुंकू. ताईंनी कपाळाला हात लावला. स्वतःच्या.

कॅमेऱ्याचा उजेड त्या तेलावर पसरतो नि धुकं दिसतं म्हणे. चष्म्याच्या कपड्यानं पुसलं. कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडून थोडा वळवला, भिंत उजेड परत फेकते म्हणून. ब्राइटनेस चाळीसवर आणला, बाकीच्या रेघा पण खाली, म्हणजे अंधारात तोंड पांढरं फटक नाय होत. सगळं कमी केल्यावर जास्त दिसतं! असं पण शिकवतात कॉलेजात.

रात्री पॅसेजमध्ये स्वतः उभी राहून बघितलं. नाकातली चमकी दिसली. आता चोराच्या मिश्या मोजीन.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आला नाय. उपास.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी ८

दिसला. चोराचं तोंड साफ दिसलं.

सासूबाई.

आधी वाटलं, चोर त्यांचं लुगडं नेसून आलाय. मग चोरानं डोक्यावरची पाटी उतरवली, कंबरेला हात लावून आई गो केलं, हँडल हलवून बघितलं, दाराला कान लावला नि मांडी घालून बसला. पाटीतल्या पापलेटचा डोळा पण चमकतोय. सेटिंग एक नंबर.

सोमवार-गुरुवार मासळीला गिऱ्हाईक नसतं, तेव्हा त्या मार्केटला जात नाय. हे मला माहीत होतं. मी मुद्दाम शंका घेतली नाय, मोठ्या माणसांवर घेऊ नये.

आता प्रितेशला काय सांगू? नाय दाखवलं तर गव्हाण. दाखवलं तर, बघ, तुझी आई चोर. मग पण गव्हाणच, बहुतेक माहेरमार्गे.

१५ ऑक्टोबर, रविवार

ठरवलं होतं, चारला दार उघडून समोर उभं राहायचं. थेट विचारायचं. लाटणं हातात, उगाच, वजन म्हणून.

बेलनं जाग आली. चार वाजून पंचवीस. रिया रडून लाल. दारात सासूबाई.

आत आल्या, रियाला उचललं, ती गप्प. मग मला धुतलं. पाव तास पोर रडतेय गो, नि तुझं घोरणं बाहेर पॅसेजपर्यंत! विठू बोलला, मशीन चालू हाय काय आत?

मी म्हटलं, आई, तुमी रोज चोरासारख्या का येता? म्हणाल्या, टेम्पो खाली बर्फासाठी थांबतो. एकटी पोर तिसऱ्या माळ्यावर, कडी लावलीय की नाय बघते. श्वास ऐकू आला की जाते. म्हटलं, बेल वाजवायची. तर म्हणाल्या, तुला मी नको झाले म्हणून तर इथं आलीस ना? मग कशी वाजवू?

मी ओट्याकडं गेले. चहा केला. त्यांनी एका घोटात ओळखलं, साखर जास्त.

१७ ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी

प्रितेशला क्लिप दाखवली. मी काय बोलायच्या आधी सणाला आलेल्या सासूबाई बोलल्या, मीच ती. प्रितेश इतका हसला की रिया घाबरली. मग म्हणाला, अट म्हणजे अट, तोंड दिसलं, आता गव्हाणला जायचं नाय.

जिंकले! हे घर माझं. सातवी पासच्या डोक्यानं जिंकले.

२२ ऑक्टोबर, रविवार

मी गव्हाणला गेले नाय. शब्द पाळला.

सासूबाई इकडं आल्या. रोज पहाटे जिना चढण्यापेक्षा इथंच झोपते म्हणाल्या, मार्केट पण जवळ. प्रितेशनं खोके आणलेच होते, ते त्यांचं सामान आणायला कामाला आले. घोरतात त्या पण. पण मी ते कोणाला सांगत फिरत नाय.

माझी झोप आता चांगली होते. तशी आधी पण व्हायची असं दोघं म्हणतात.

आज त्यांनी प्रितेशला सांगितलं, घरात माणूस असताना दाराला कॅमेरा कशाला? तो काढून स्वयंपाकघरात लाव. मी मार्केटला असताना ही टोपात काय टाकते ते मना फोनवर बघता येईल.

लावला. ओट्याच्या बरोबर वर. मिताली ताईंनी सेटिंग करून दिलं.

चित्र एकदम साफ येतं. मीठ पण दिसतं.