भट्टीचे दार सुस्थितीत नसल्याबाबत

प्रति,
मा. ऊर्जा बचत तपासणी अधिकारी,
विभागीय ऊर्जा बचत कक्ष, ठाणे.

विषय : वाशिंद येथील सळई कारखान्याच्या भट्टीची, दार न लिंपता, फेरतपासणी करणेबाबत.
संदर्भ : आपला तपासणी अहवाल, दि. ११/१२/२०२४, पान ३ व ४.

अर्जदार : भगीरथ कमळू मेंगाळ, वय ४१, भट्टी कामगार, रा. डोळखांब परिसर, ता. शहापूर.

महोदय,

१. अर्जदार सदर कारखान्यात नऊ वर्षे भट्टीच्या तोंडाशी उभा आहे. लोखंडाचे ठोकळे लाल होईपर्यंत तापवून सळई ओढायला पुढे सोडणे, हे त्याचे काम. भट्टीचे दार दोन वर्षांपासून तडकलेले आहे. जो जाळ लोखंडाला मिळायचा, तो हातभर बाहेर येऊन माणसांना मिळतो. तेल वाया जाते ते वेगळेच.

२. अर्जदाराचे वडील रानात कोळशाच्या भट्ट्या लावीत. भट्टीला भोक दिसले की हातातला घास टाकून ते लिंपायचे, नाहीतर आतल्या लाकडाची राख होते, ही त्या घरची शिस्त. त्याच सवयीने अर्जदार व त्याचा मेहुणा गणू, तोही भट्टीवरच, दर आठवड्याला घरून वारुळाची माती आणि भाताचा तूस आणून तडा लिंपत आले. कोणी सांगितले नव्हते.

३. नवे दार बसवायचे की नाही हे आपल्या अहवालावर ठरणार होते, म्हणून आपण येणार हे ऐकून अर्जदारास आनंद झाला. परंतु पाहुणा यायच्या आधी घर सारवायचे, ही पाड्यावरची रीत. आदल्या दिवशी दोघांनी दार असे झकास लिंपले की आपल्या यंत्राला जाळ सापडलाच नाही. आपण लिहिलेत, "दार सुस्थितीत, बदलाची गरज नाही." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. गणू एवढेच म्हणाला, "दाजी, आपून लिपलाच नसता त साहेबांना जाळ दिसला असता."

४. पुढचे लिहिताना अर्जदारास किळस येते. कारखान्याला बचतीचे मानपत्र मिळाले. ते काचेत घालून गेटवर लावले आहे आणि त्यावर दिवसभर दिवा जळतो. भट्टीजवळचा पंखा मात्र बंद केला, आणि तो बंद ठेवणे हाही बचतीचा उपाय म्हणून आपल्या पान ४ वर नोंदला आहे. लिंपणे हे आता दर सोमवारचे हुकमाचे काम झाले. तेही पेटत्या भट्टीवर, कारण थंड केली तर पुन्हा तापवायला तेल लागते. लोखंड गार होता कामा नये, माणूस भाजला तरी चालेल, याला बचत म्हणताना जीभ कशी धजते? दि. ०३/०२/२०२५ रोजी लिंपतानाच तडा फुटला व गणूचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटे मिटत नाहीत. कारखान्याच्या वहीत नोंद आहे "किरकोळ".

५. त्या दिवसापासून अर्जदाराने लिंपणे बंद केले. जाळ बाहेर दिसू लागला, तर नोटीस आली अर्जदारालाच, ऊर्जेचा अपव्यय केला म्हणून. चोर सोडून संन्याशाला सुळी. नोटिशीला आधार आपल्याच अहवालाचा आहे. दार सुस्थितीत होते, ते अर्जदाराने बिघडवले, असे त्यांचे म्हणणे.

६. तरी आपण सोमवार दि. २४/०२/२०२५ पूर्वी, न कळवता, यावे. यंत्र आणले नाही तरी चालेल. कामगार उभा राहतो त्या जागी एक कप चहा संपेपर्यंत उभे राहावे. सोमवारी अर्जदाराला काढून लिंपायला गणूलाच लावणार आहेत. उजवा हात चालत नाही, असे त्याने काल सांगितले. तेव्हा सुपरवायझरने त्याला डाव्या हाताने लिंपून दाखवायला लावले. त्याला जमले.

आपल्या वाटेकडे डोळे लावून,
भगीरथ कमळू मेंगाळ
(सही)
दि. २०/०२/२०२५

सोबत : १) अहवालाचे पान ३ व ४. २) अर्जदारास आलेली नोटीस. ३) गणूच्या दोन्ही हातांचे फोटो.