रडू येणार नाही अशी गाडी

ति. अक्षतावहिनीस,

विक्रोळीहून तुझ्या एकुलत्या एक दिराचा, म्हणजे सर्वेशचा, जमेल तेवढं वाकून नमस्कार. (जमेल तेवढं, कारण गेले काही रविवार मी लोकांच्या जुन्या गाड्यांखाली डोकं घालतोय आणि कंबरेची वाट लागलीये.) कुडाळात तुझे आई-बाबा कसे आहेत? तुला झोप लागते का? इथे आईचे गुडघे तसेच, बाबा तसेच, मी तर फारच तसाच. पत्र बघून हसू नकोस. मेसेज केला की तू वाचतेस आणि गप्प बसतेस, मग ते दोन निळे टिक बघत बसणं मला झेपत नाही. पत्राला टिक नसतात, तेवढंच बरं.

तर मी गाडी शोधतोय. ट्रॅकसाठी. आपला सौरभदादा दर रविवारी कोंबडी-वडे खाताना ज्याचं पुराण लावायचा तेच: खोपोलीच्या पुढे कुठेतरी बंदिस्त रस्ता, ना सिग्नल ना खड्डे, आपलीच गाडी न्यायची आणि दिवसभर हवी तशी पळवायची. पहिल्यांदा आपण तिघांनीच जायचं, असं त्याचं ठरलेलं. मग त्याला डेंग्यू झाला आणि डेंग्यूने कुणी जातं का, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो तेवढ्यात तो गेला. वर्ष होईल आता. या वर्षात मी पूर्णविराम नसलेली एक कादंबरी लिहायला घेतली (ती थांबेचना, म्हणून सोडली). मग वाटलं, निदान त्याचं राहिलेलं एक तरी करावं.

बोरिवलीचा सुयोग ट्रॅकवर जातो, त्याला विचारलं. तो म्हणाला, स्वस्तातली, हलकी बघ, इंजिन छोटं चालेल, गिअर हाताने टाकायचे पाहिजेत, ब्रेक धड पाहिजेत, आणि टायर-पार्ट कुठल्याही गल्लीत मिळायला हवेत. शेवटी म्हणाला, "आणि उद्या भिंतीत घातलीस तरी रडू येणार नाही, असली गाडी घे." बाकी अटी सोप्या होत्या गं.

अंधेरीत एक लाल बघितली. झकास होती. पण व्यवहाराचं बोलता बोलता मालक मागच्या काचेवरचा पोरीने लावलेला फुलपाखराचा स्टिकर नखाने खरवडायला लागला आणि मलाच गलबलून आलं. बाद. वर्सोव्याच्या गाडीच्या डिकीत सुक्या बोंबलांचा असा वास मुरलेला, की दादाने आत बसल्या बसल्या भात मागितला असता. तीही बाद. (टेस्ट ड्राइव्ह मी प्रत्येक वेळी डावीकडे बसून घेतली. गाडीचा स्वभाव डावीकडूनच कळतो, असं मी ठोकून देतो. लोक मानतात.) मग घाटकोपरच्या विकीची करड्या रंगाची मिळाली. वास नाही, स्टिकर नाही, बघून काही म्हणजे काही वाटलं नाही. म्हटलं, हीच.

विकीला गाडी घेऊन बिल्डिंगखाली बोलावलं आणि बाबांना म्हटलं, जरा बघायला या. इथे चुकलंच. बाबांच्या लेखी दारात आलेली गाडी म्हणजे घेतलेली गाडी. ते खाली आले ते नारळ, हळदकुंकू आणि आईला घेऊन. मागून तळमजल्यावरचं सगळं मालवण, आणि वॉचमन. बिचारा विकी, अजून किमतीचं बोलणंही झालं नव्हतं आणि त्याच्या बॉनेटवर कुंकू. मी काही बोलायच्या आत बाबांनी डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं. गाडीला कुणाची दृष्ट लागू देऊ नको, सगळे म्हणाले व्हय म्हाराजा. गाडी चाळीसच्या वर धावाक देऊ नको, व्हय म्हाराजा. (मीसुद्धा म्हणालो. ट्रॅकसाठी घेतलेल्या गाडीबद्दल.) विकीला मजा वाटायला लागली, तोही सूर लावायला लागला.

आणि मग बाबा म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या सौरभच्या गाडयेक सांभाळ."

कुणीच काही म्हणालं नाही. आईने पदर तोंडाशी नेला. बाबांचे डोळे मिटलेलेच, नारळ हातात, आपण काय बोललो ते त्यांना कळलं होतं, पण गाऱ्हाणं अर्ध्यात सोडता येत नाही ना, ते वाट बघत उभे. एकटा विकी, त्याला बिचाऱ्याला काय माहीत, खणखणीत आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

बाबांनी डोळे उघडले. विकीच्या बॉनेटवरचं कुंकू स्वतःच्या रुमालाने पुसलं, हळू चालत कोपऱ्यापर्यंत गेले आणि नारळ तिथे वर्षभर झाकून ठेवलेल्या दादाच्या गाडीपुढे ठेवला. कव्हरवर इतकी धूळ, की आतली गाडी पांढरी आहे हे मीच विसरलो होतो. विकीने कव्हर थोडं उचलून आत डोकावलं. हलकी, छोटं इंजिन, हाताचे गिअर, पार्ट कुठेही. "अरे यार, घरात ही असताना माझी कशाला बघत होतास?"

काय सांगू त्याला? सुयोगच्या एका अटीत ती बसत नाही.

आईचा तुला आशीर्वाद. तब्येत सांभाळ.

तुझा दीर,
सर्वेश

ता.क. विकी आता दर रविवारी चहाला येतो. गाडी विकली नाही त्याने अजून. व्हय म्हाराजा छान म्हणतो.

ता.क. दुसरं: मला गाडी चालवता येत नाही. हे दादाला माहीत होतं, तुला माहीत आहे, बाकी कुणाला सांगू नकोस. आपल्या तिघांच्या बेतात चालवणार कोण होतं, ते आठव. "अक्षता वळण घेते तेव्हा मी डोळे मिटतो," असं दादा म्हणायचा, आणि किती खूश होऊन म्हणायचा.

ता.क. तिसरं आणि शेवटचं: नारळ अजून गाडीपुढे आहे, फोडलेला नाही. अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं बाबा पूर्ण करणार आहेत. खूप विनवल्यावर चाळीसची अट साठवर आणलीये. फक्त घरचं माणूस एक कमी पडतंय. चावी तुझ्या पर्समध्ये आहे, मला ठाऊक आहे. ती कुरियरने पाठवू नकोस.