दोराची दोन्ही टोकं

दादा,

तुझा कामाचा सुरक्षा-पट्टा शोधू नकोस, मी घेऊन गेलेय. गांजाची पुडीही शोधू नकोस, ती संडासात ओतून वर दोन बादल्या पाणी टाकलंय. तू आज कामावर का नाहीस, ते मुकादमांना खरं खरं सांगणार आहे. तापबिप म्हणणार नाही.

"याने काही होत नाही, उलट हात स्थिर राहतो," हे तुझं सोळाव्या वर्षापासूनचं पालुपद. काल काचा पुसायला उतरताना माझ्या दोराची गाठ तू दोनदा ओढून तपासलीस. मग स्वतःच्या दोराचं एक टोक गच्चीवरच्या कडीत अडकवायचं सोडून दोन्ही टोकं स्वतःच्याच पट्ट्यात अडकवलीस आणि नवव्या मजल्याच्या कठड्यावरून पाय खाली सोडलास. मी कॉलर धरून मागे ओढलं, तर खदाखदा हसत बसलास.

आईला सांगू नको म्हणालास. सांगितलंय. संध्याकाळी सहाला डॉक्टरांकडे तुझा नंबर लावलाय, मी सोबत येणार.

चहा थर्मासमध्ये आहे. मी आले की हवा तेवढा आरडाओरडा कर, पट्टा मिळणार नाही. ओरडायला तू शिल्लक आहेस, तेवढं मला पुरे.

धाकटी