पुढच्या पंखांवरचे दोन ठिपके

बाई,

तुमच्या त्या पतंगाचे वर्णन आज पुन्हा वाचले. ‘पुढचे पंख राखी, कडेला तपकिरी झालर, मध्यावर, दोन्ही बाजूंना सारखा, तांदळाच्या कणीएवढा पांढरट ठिपका.’ वाक्यातला एक स्वल्पविरामही हलवावासा वाटत नाही. भीती वाटते ती त्या ठिपक्याची.

ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या महाविद्यालयात तुम्ही प्राणिशास्त्र शिकवत होतात; मी तुमचा प्रयोगशाळा साहाय्यक. मुलुंडच्या आमच्या वसाहतीत जिन्यातल्या दिव्याला आलेले पतंग सकाळी भिंतीवर निपचित बसलेले असत. ते डबीत घालून मी तुम्हांला आणून देई. हा नखाएवढा पतंग त्यांतलाच. असा दुसरा मिळाला नाही. तुम्ही तो भिंगाखाली पाहण्यापूर्वीच रजेवर गेलात आणि पावसाळ्याची ओल नमुन्यांच्या पेटीत शिरली. उजव्या पंखावर बुरशी दिसली. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने मी ती पुसली. तिच्याबरोबर पंखावरचे रंगीत खवलेही गेले असावेत, कारण खाली पांढरे दिसू लागले. ते एकांगी दिसणे मला सहन होईना. डावा पंखही तेवढाच पुसला. त्यावरही बुरशी होती, असे मी मनाला सांगत आलो आहे.

तुम्ही परतता, भिंगावर वाकता आणि ओरडता, ‘‘अरे, इकडे ये! दोन्हीकडे सारखा ठिपका! निसर्गाची शिस्त तुझ्याहून कडक आहे रे.’’ मग भिंगावरून मान न उचलता विचारता, ‘‘काही पुसलं-बिसलं नाहीस ना? तुझी बोटं म्हणजे उलथनी.’’

‘‘नाही, बाई.’’

त्या ठिपक्यावरून तुम्ही ती नवी जात ठरवलीत. वर्णन छापून आले, तेव्हा साऱ्या विभागाला बटाटेवडे खाऊ घातलेत. वर्षभरात तुम्ही गेलात. त्या जातीला जोडलेले तुमचे नाव तेवढे राहिले.

परवा एका संशोधक मुलीचा दूरध्वनी आला. ‘‘काका, ठिपकेवाला एकही पतंग आम्हाला सापडत नाहीये हो. सगळे प्लेन आहेत. तो तुम्हीच पकडला होता ना? तेव्हा नक्की कसा दिसत होता?’’ आठवून सांगतो, म्हणालो. तेव्हापासून दूरध्वनी वाजला तरी उचलत नाही. तुम्हांला लिहायला धैर्य लागत नाही, म्हणून हे लिहीत बसलो आहे. तिला उत्तर दिलेले नाही.

काल सकाळी आमच्या जिन्यात तसाच एक राखी पतंग बसला होता. चष्म्याशिवाय मला पंखांवरचे काही दिसेना. भिंग आणायला घरात गेलो आणि, बाई, मुद्दाम चहा पिऊन परतलो.