काटा रुतून गेलेली माणसं

१२ फेब्रुवारी १९७३

लघवी उकळली डॉक्टरांनी! धरमपेठेच्या दवाखान्यात, माझ्यासमोर. निळं औषध बघता बघता विटेसारखं लाल झालं. साखर. वय त्रेचाळीस.

डॉक्टर विचारतात — घरात आणखी कोणाला होती? म्हटलं, कोणालाच नाही. बाबा पायात काटा रुतून गेले, काकाही काटा रुतूनच. "दोघेही काट्यानं?" डॉक्टरांनी विचारलं. मग म्हणाले, "घरात कोण कशानं गेलं त्याची यादी करून आणा. मुलांना आत्तापासून जपता येईल."

मुलं म्हणजे एकटी तारा.

१८ फेब्रुवारी

मौद्याला जाऊन आलो. जयवंता आत्या — बाबांची बहीण, तीच एक उरली. आधी नुसतं "काहून विचारून राहिला गा?" मग पदर डोळ्याला. "कायचा काटा बापू! तुहा बाप लघवीले बसे तिथं मुंगळे जमत. तुह्या काकाचंबी तसंच, आज्याचंबी तसंच. पाय काळा पडला का काटा रुतला म्हनून सांगत होतो. घरात चार पोरी उजवाच्या होत्या. मंग कोन केलं असतं त्यायले?"

आणि मी वेडा! ताराला जन्मात कधी अनवाणी अंगणात जाऊ दिलं नाही. रोज ऑफिसातून येताना पेढा मात्र आणला.

१९ फेब्रुवारी

यादी लिहिली. आजोबा, बाबा, काका, मी. पुढे हात चालेना.

४ मार्च

बायकोला, शामलाला, यादी दाखवली. भडकलीच. "तोंड उघडाल तर याद राखा! कामठीवाल्यायनं आत्ताच सुपारी फोडली. पोरीच्या रक्तातच रोग आहे म्हनतीन."

म्हटलं, निदान ताराला तरी सांगू. खाणं आवरलं, दरवर्षी तपासलं तर दुखणं टळतं, नाहीतर उशिरा तरी येतं, असं डॉक्टर म्हणतात. "लग्नानंतर सांगा. ती रडली अन् त्यायच्या कानावर गेलं तर?"

बायकोचं चुकत नाही, हेच तर वाईट आहे. यादी ट्रंकेत टाकली.

२३ मार्च

डॉक्टरांकडे गेलो नाही. कोणतं तोंड घेऊन जाऊ?

९ एप्रिल

सकाळी तारा — "बाबा, चहात साखर काहून सोडली?"

"पित्त झालं."

किती सहज आलं तोंडात! शेवटी आत्याचाच भाचा मी. तारा हसली, "मग तुमची मी घेते," आणि माझ्या वाट्याचा चमचा आपल्या कपात टाकला. मी बघत बसलो. हात धरला नाही. आमच्या घरात असंच चालत आलं, असंच चालणार. काही होत नाही आमच्याच्यानं.

१४ मे

काल लग्न झालं. पंगतीत चंपतरावांना, आमच्या व्याह्यांना, जिलबीचा आग्रह करायला मीच उभा. दोनदा त्यांनी पानावर हात आडवा धरला. तिसऱ्यांदा मला खाली ओढून कानात म्हणाले — "व्याही, राहू द्या. मले साखर आहे, आठ वर्षं झाली. माह्या बापालेबी होती, भावालेबी. सोयरीक मोडू नये म्हनून बोललो नाही. माफ करा जी."

समोर तारा नाव घेऊन जावयाला घास भरवत होती. जिलबीचाच.